त्यांना दिसतं

९ जानेवारी

प्रिय ताई,

घे, जिंकलीस तू. सोमवारपासून तुझ्या सरांच्या योगवर्गाच्या इथल्या शाखेत जायला लागले आहे. तुझ्या सांगण्यावरून नाही हं, माझ्या मानेनं तुझी बाजू घेतली म्हणून. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाला धरला आणि म्हणाले, "बाई, एवढी मान खाली घालून तर आरोपीसुद्धा बसत नाही. काम काय करता?" म्हटलं, कवळ्या करते. दिवसाचे आठ तास मेणात दात बसवायचे, साचे भरायचे, घासायचे. लोकांच्या हसण्याची सोय करता करता माझे स्वतःचे मणके झिजले.

वर्ग फर्निचरच्या दुकानाच्या वर आहे. लाकडी जमीन, पॉलिशचा वास, एका भिंतीला आरसा. पहिल्या दिवशी एका पायावर उभं राहायचं होतं. शेजारी पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई बगळ्यासारख्या स्थिर, आणि मी वाऱ्यात उलटलेली छत्री. शिकवणाऱ्या बाई पूर्वी पोहण्याच्या शर्यतीत उतरायच्या म्हणे. बोट लावतात तिथलं दुखणं त्यांना बरोब्बर सापडतं. सर दोन-तीन महिन्यांतून एकदा येतात, अजून दर्शन नाही.

गुरुवारी एक तास नुसतं तत्त्वज्ञान असतं. या वेळी अस्तेय निघालं. म्हणजे चोरी न करणं. मी म्हटलं, हे मला जमतं, दुसऱ्याचे दात खिशात घालून मी करणार काय? कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "वस्तूच चोरता येते असं नाही. दुसऱ्याचा वेळ, दुसऱ्याचं श्रेय, हेही त्याचंच असतं." घरी येईपर्यंत ते डोक्यात घोळत राहिलं. म्हणजे तुझं खरं होतं, यात व्यायामापेक्षा जास्त काही आहे.

तुमच्या केंद्रात फोन कपाटात ठेवतात, म्हणून हा पत्रप्रपंच. उत्तर लवकर दे, नाहीतर मी वर्ग सोडून देईन अशी धमकी समज.

तुझी,
ठमी


२१ जानेवारी

प्रिय ठमे,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि 'उलटलेली छत्री'पाशी इतकी फिस्सकन हसले की बाहेर ध्यानाला बसलेल्यांपैकी दोघांनी डोळे उघडले. सहा वर्षांत इथे माझी एवढी बदनामी कधी झाली नव्हती.

फार बरं केलंस. आता ऐक, मोठ्या बहिणीचा हक्क म्हणून सांगते. मानेला घाई करू नकोस. शेजारणीकडे बघू नकोस. आरशाकडे तर मुळीच नको. आसन करताना श्वास कुठे अडकतो तेवढं बघ, कारण जिथे श्वास अडकतो तिथेच बहुतेक वेळा मनही अडकलेलं असतं. हे मी पुस्तकी सांगत नाही. पहिल्या वर्षी मी नुसती पाठ टेकून पडले की रडायचे.

ध्यानाला बसायला लागलीस की बरंच काही वर येईल. घाबरू नकोस, दाबूही नकोस. मला लिही. सगळं लिही. कोणाजवळ तरी मोकळं झालं पाहिजे, आणि आपल्याला दुसरं आहे कोण?

बाबांचं येतं का गं मनात? मला रोज येतं. ते गेले तेव्हा मी एकवीस दिवसांच्या मौनात बसलेली होते. तू एकदाही ते मला ऐकवलं नाहीस. उलट त्यांचं शेवटचं वाक्य कळवलंस, 'थोरलीला सांग, माझा तिच्यावर राग नाही.' ते वाक्य नसतं, तर गेली दोन वर्षं मी कशी काढली असती देव जाणे.

सर तुझी चौकशी करत होते. म्हणाले, धाकटीकडे लक्ष ठेव.

तुझी,
ताई


८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

मान चाळीस टक्के बरी. हा आकडा माझा नाही, डॉक्टरांचा. त्यांना म्हटलं, टक्क्यांत दुखत नाही हो. पण खरंच, आता डावीकडे वळून बघता येतं. लॅबमध्ये मालक मागून येतात ते कळायला लागलंय.

ध्यानाचं मात्र विचारू नकोस. किंवा विचार, कारण हे लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही.

पहिले आठ दिवस डोळे मिटले की लॅबमधली बिलं आणि अर्धवट राहिलेल्या कवळ्या. मग एके दिवशी श्वास खाली उतरला, आणि बाबांची खोली आली. दुपार होती. खिडकीचा पडदा अर्धा. मी सूप भरवत होते. तेराव्या की चौदाव्या दिवसाची गोष्ट. मी त्यांना स्वतः करून दिलेली कवळी वाटीत पडलेली, आणि ते ओठ मिटून बसलेले. चमचा नेला की मान फिरवायचे. सूप गळ्यावर, उशीवर. तिसऱ्यांदा चादर बदलली होती मी त्या दिवशी. आणि माझ्या तोंडून गेलं, "जा ना आता एकदाचे."

ओरडले नाही मी. हळू म्हणाले. वाटलं, त्यांना ऐकू जाणार नाही. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, ताई. नुसतं बघितलं. मग तोंड उघडलं आणि सगळं सूप प्यायले, शहाण्या मुलासारखे. तीन दिवसांनी गेले.

दोन वर्षं मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. भिंतीलाही नाही. तुला सांगितलं, कारण तू म्हणालीस सगळं लिही. वाचलंस की फाडून टाक. शपथ आहे तुला.

ठमी


२५ फेब्रुवारी

माझ्या ठमे,

सांगितलंस तसं केलं, पत्र फाडलं.

तू एकटीनं सतरा दिवस काढलेस. मी तिथे असते तर हे शब्द कदाचित माझ्या तोंडून गेले असते, आणि मी तुझ्याइतकं वाईटही वाटून घेतलं नसतं. थकलेलं माणूस बोललं ते. तू नाही बोललीस.

पण मी सांगून तुला पटणार नाही, हे मला माहीत आहे. बहीण तर असं म्हणणारच. मार्चमध्ये सर तुमच्याकडे दहा दिवस येत आहेत. त्यांच्या समोर बस. काही सांगू नकोस, विचारू नकोस, नुसती बस. मनातलं ओझं उतरवायची त्यांची हातोटी काही वेगळीच आहे.

जेवण वेळेवर घे. आणि मानेखाली पातळ उशी.

तुझी,
ताई


१८ मार्च

ताई, ताई, ताई,

कुठून सुरुवात करू? घाईत लिहितेय, अक्षर गोड मानून घे.

तुझे सर आले. मला वाटलं होतं दाढीवाले, भारदस्त कुणीतरी असतील. हे तर पायात लोकरीचे मोजे घालून आलेले, शाळेच्या प्रयोगशाळेत शोभतील असे गृहस्थ. वाक्य अर्धंच बोलतात, उरलेलं आपण मनात पुरं करायचं. माझ्या मानेला दोन बोटं लावली आणि म्हणाले, "इथे नाही, खाली." खांद्याची पाती हलवली मात्र, आणि महिनाभर अडलेलं काहीतरी सुटलं. आणखी काही घडलं नसतं तरी मी त्यांचे पाय धरले असते.

पण पाचव्या दिवशी, ध्यानाच्या शेवटी, ते एकेकाजवळून जात होते. माझ्यापाशी थांबले. डोक्यावर हात ठेवला. आणि मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाले, "ज्यांना तू जा म्हणालीस, ते रागावून गेले नाहीत."

ताई, मी कोसळले. चाळीस माणसांत हमसून हमसून रडले. पोस्टातल्या बाई मला धरून बसल्या. पण त्यानंतर जी झोप लागली, तशी मला दोन वर्षांत लागली नव्हती. सकाळी उठले तर छातीवरचा दगड नाही. शोधला, नाही सापडला.

आता एक विचारते, आणि रागावू नकोस. क्षणभर माझ्या मनात आलं, तू तर काही बोलली नाहीस ना त्यांच्याजवळ? लगेच लाज वाटली. पण विचारून टाकते, म्हणजे मनात किल्मिष नको.

शेवटच्या दिवशी सरांनी मला सगळ्यांपुढे अनुभव सांगायला लावला. मी सांगितला. बाबांना 'जा' म्हणाले तेही सांगितलं. लोक रडत होते. त्याच दिवशी बाराजणांनी वर्षभराच्या अभ्यासक्रमाला नावं दिली. मीही दिलं. वर्षभर पूर्ण वेळ, सकाळ-दुपार. मालकांना सांगितलं की नोकरी सोडते. ते म्हणाले, "अहो, बत्तीस दात एका रांगेत बसवणारी माणसं मिळत नाहीत हो आता." मी म्हटलं, मला आता स्वतःला एका रांगेत बसवायचंय. काय भारी बोलले ना?

तुझ्यामुळे झालं हे सगळं. तुझ्या उपकारातून या जन्मी उतराई होणार नाही.

तुझीच,
ठमी


३० मार्च

प्रिय ठमे,

तुझं पत्र वाचून आनंद झाला. खूप आनंद झाला. तुला झोप लागते, याहून मला काय हवं?

तू विचारलंस त्याचं. सरांना दिसतं, ठमे. सहा वर्षं बघते आहे, मला आता नवल वाटत नाही.

नोकरीची मात्र घाई नको होती. महिनाभर रजा घेऊन बघता आलं असतं. मालक चांगले आहेत, तू बोललीस तर अजूनही ऐकतील. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं बाबा म्हणायचे. मी असं लिहिलं म्हणून वेगळं काही मनात आणू नकोस.

इथे काम फार आहे. जास्त लिहीत नाही.

ताई


१३ मे

ताई,

दीड महिना मी लिहिलं नाही आणि तूही नाहीस. मी अभ्यासात गुंतले होते. तू कशात गुंतली होतीस, ते आज मला कळलंय.

सर परवा आले. नवीन लोक पुष्कळ होते. मला पुढे बसवलं होतं, आता मी नेहमीच पुढे असते, ताटातल्या लोणच्यासारखी, चव आणायला. ध्यान संपलं. सरांनी डोळे मिटूनच हात वर केला. म्हणाले, "एक वृद्ध गृहस्थ. या मुलीचे वडील. ते म्हणताहेत... थोरलीला सांग... माझा तिच्यावर राग नाही."

सगळा वर्ग गहिवरला. मी मात्र थंडगार पडले.

का, सांगू? बाबा असं काही बोललेच नव्हते, ताई. ते वाक्य मी रचलेलं आहे. तू मौनातून उठल्यावर तीन ओळींचं पत्र पाठवलं होतंस, त्यातली शाई सगळीकडे फुटलेली होती. मला वाटलं, ही मुलगी जिवाचं काही करून घेईल. म्हणून मी टेबलाशी बसून, लॅबच्या बिलाच्या पाठीवर आधी कच्चं लिहून, मग तुला कळवलं. या जगात ते वाक्य दोनच माणसांना ठाऊक होतं. रचलं ते मला, आणि पाठवलं ते तुला. स्वर्गातून बाबा ते कसं बोलतील? जे बोललेच नाहीत ते!

मग 'जा' कुठून आलं, ते वेगळं शोधायला नको होतं.

वर्ग सुटल्यावर सरांना गाठलं. चटया रचून ठेवतात त्या खोलीत ते मोजे चढवत होते. विचारलं, "सर, ते वाक्य तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगावं लागत नाही."

"बाबा तसं बोललेच नाहीत. मी बनवलंय ते, माझ्या बहिणीसाठी."

वाटलं दचकतील. दुसरा मोजा शांतपणे चढवला. म्हणाले, "तुझी मान बरी झाली?"

"झाली."

"झोप लागते?"

"लागत होती."

"मग औषध कुठल्या बाटलीतून आलं, याची चौकशी कशाला?"

 उत्तर मला जिना उतरून रस्त्यावर आल्यावर सुचलं, ताई. औषध नव्हतंच ते. माझीच जखम होती, मलाच परत विकलेली. आणि तिच्या जोरावर बाराजणांना आत ओढलं, त्यात पोस्टातल्या बाईही आल्या. मीच हात धरून नेलं त्यांना.

सर परके आहेत. त्यांच्यावर चिडून चिडून मी किती चिडणार? मी तुला सरळ विचारलं होतं. तू 'नाही' म्हणाली नाहीस. 'सरांना दिसतं' म्हणालीस. खोटंही न बोलता खोटं कसं बोलावं, हे तुमच्या सत्याच्या तासाला शिकवतात वाटतं.

मी शपथ घातली होती तुला.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.


४ जून

ठमे,

तीन आठवडे कागद घेते आणि ठेवते. आज जसं येईल तसं लिहिते.

हो. मी दिलं, ते वाक्यही आणि तुझं पत्रही. पत्र मी फाडलं होतं, ते खोटं नव्हतं. फाडायच्या आधी उतरवून घेतलं होतं.

याची सुरुवात कशी झाली ते सांगते. सबब म्हणून नव्हे. पहिल्याच वर्षी सर म्हणाले, नवीन माणूस येतं त्याला काय सलतं हे ठाऊक असेल तर त्याला जपून हाताळता येतं, तेवढी टिपणं देत जा. लोक माझ्याजवळ बोलतात. मी ऑफिसात असते, पाणी देते, 'बसा ना' म्हणते, की झालं. वाचनालयात काम करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचा मुलगा घर सोडून गेलेला. मला त्यांनी सांगितलं. आठवड्यानं सरांनी ध्यानात त्यांना सांगितलं, "तो जिवंत आहे." त्या बाईंचा चेहरा मी बघितला. मला धक्का बसला होता, ठमे, खरंच. पण दुसऱ्या दिवशी त्या जेवल्या. कित्येक महिन्यांनी. मग मी स्वतःची समजूत घातली की हे औषध आहे आणि मी फक्त बाटली पुसून देते. आजवर अकराजणांची टिपणं दिली. तुझं बारावं. तुझं देताना हात अडखळला होता. पण तुझी झोप परत यावी असं मला फार वाटत होतं. आणि सर म्हणाले, बहिणीचं म्हणून वेगळा न्याय लावशील का?

हे झालं माझं. आता तुझं.

दोन वर्षं मी एका वाक्यावर जगले. आसन लागेना की ते म्हणायचे, श्वास अडला की ते म्हणायचे. ते तू बिलाच्या पाठीवर कच्चं लिहिलं होतंस! मी तुझं खरं चोरून दुसऱ्याला दिलं. तू मला खोटं दिलंस आणि मी ते देव्हाऱ्यात ठेवलं. सांग, कोणाचा गुन्हा मोठा?

आणि आणखी एक. तुला वाटतं मला मौनात निरोप मिळाला नाही. मिळाला होता. बाराव्या दिवशी दाराखालून चिठ्ठी आली, 'वडील गंभीर.' मी तिच्यावर लिहिलं, 'जाऊ का?' आणि सरांकडे पाठवली. ती परत आली. खाली सरांच्या अक्षरात होतं, 'जाणारी कोण आहे?'

मला तो फार मोठा प्रश्न वाटला, ठमे. मी नऊ दिवस बसून त्याचं उत्तर शोधत राहिले. आणि बाबा गेले.

ते खरोखर काय बोलले होते, ते सांग. काहीही असो.

ताई


१२ जून

ताई,

तू मागितलंस म्हणून.

पहिले चार दिवस रोज दुपारी विचारायचे, "थोरली आली?" मी म्हणायचे, येतेय. पाचव्या दिवशी मी आपणहून म्हणाले, "ताई येतेय हं बाबा." त्यांनी नुसतं हं केलं. त्यानंतर तुझं नाव नाही. राग होता की नव्हता, मला माहीत नाही. शेवटचं म्हणशील तर 'खिडकी लाव' म्हणाले. वारा येत होता.

गुन्हा कोणाचा मोठा, ते मी ठरवणार नाही. माझं वाक्य खोटं होतं, कबूल. पण ते मी तुझ्या हातात दिलं होतं. तू माझं नेऊन माणसांपुढे मांडलंस आणि मला त्यांच्यासमोर रडायला बसवलंस. एवढा फरक मला धरू दे.

तुला निरोप मिळाला होता. हे वाचून मी दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाही, आणि घरात मी एकटीच आहे.

माझ्यापुरती माफी मागत बसू नकोस. अकराजण आहेत. त्यांतल्या एका बाईला वाटतंय की तिचा मुलगा जिवंत असल्याचं कुणीतरी डोळ्यांनी पाहिलंय. तिला आधी सांग. इथल्या बाराजणांना मी सांगते आहे. पोस्टातल्या बाईंपासून सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "मला संशय होता, पण तू रडलीस म्हणून मी विश्वास ठेवला." माझ्या रडण्याचं काय करायचं, ते आता मला कळत नाही.

ठमी


२१ जुलै

ठमे,

सांगितलं.

रविवारच्या तत्त्वज्ञानाच्या तासाला सांगितलं, सगळे असतात तेव्हा. सर मनाच्या पाच क्लेशांवर बोलत होते. मी मागून उठले आणि म्हणाले, "सरांना इथे जे दिसतं, ते माझ्या अक्षरात असतं." त्यापेक्षा एका पायावरचं तुझं उभं राहणं परवडलं. अकरा नावं घेतली नाहीत. म्हटलं, ज्यांना आपलं आहे असं वाटेल त्यांनी मला येऊन विचारावं, मी काय लिहून दिलं ते सांगेन.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "हिला विश्रांतीची गरज आहे." आणि पुढे बोलायला लागले. चार माणसं उठून गेली, ठमे. फक्त चार. बाकीच्यांनी डोळे मिटले.

वाचनालयातल्या बाई बाहेर व्हरांड्यात आल्या. विचारलं, "माझ्या मुलाबद्दल म्हणाले ते?"

म्हटलं, "तो घर सोडून गेलाय एवढंच मी लिहून दिलं होतं. जिवंत आहे हे त्यांनी आपल्या मनानं जोडलं. कुणालाच काही माहीत नाही."

त्यांनी कठडा धरला. मग म्हणाल्या, "तू गप्प बसली असतीस तर तुझं काय जात होतं?"

हे मी रोज ऐकते. खरं सांगितलं तर हलकं वाटतं असं आपल्याला शिकवलं होतं. मला नाही वाटत.

केंद्र सोडलं. स्टेशनजवळ एका खोलीत राहते, कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचं काम मिळालंय. लोक इथेही बोलायला लागतात. कालच एक जण शर्टावरच्या डागापासून घटस्फोटापर्यंत आला. मी म्हटलं, "साहेब, मला सांगू नका." तो चमकून बघत राहिला.

सकाळी आसनं चालू आहेत. ध्यानाला बसवत नाही. डोळे मिटले की चिठ्ठी दिसते.

एकदा येऊ का तुझ्याकडे? दोन दिवस. तू म्हणशील तेव्हा.

ताई


६ ऑगस्ट

ताई,

पत्र मिळालं. ते तू सांगितलंस, हे मला पटलं. चारजण उठले म्हणालीस, इथे पाच उठले. पोस्टातल्या बाई धरून. बाकीचे अजून जातात. एकीने मला रस्त्यात थांबवून सांगितलं की माझी साधना कमी पडली. मी हो म्हटलं. पिशवीत भाजी होती, वाद कुठे घालत बसू?

मालकांनी परत घेतलं. जुनी जागा गेली, ती एका नव्या मुलीला दिली आहे, चांगलं करते. मी सध्या साच्यांत प्लास्टर ओतते. संध्याकाळी घरी जाताना भुतासारखी पांढरी असते. मालक म्हणाले, "स्वतःला एका रांगेत बसवून झालं का?" मी हसले. ते बोलणारच होते.

मान बरी आहे. हे लिहिताना राग येतो, पण बरी आहे. खांद्याच्या पातीपासून हलवायला त्यांनी शिकवलं ते खरंच होतं. तेच जास्त सलतं. सगळंच खोटं असतं तर एका दिवसात झटकून मोकळी झाले असते. रोज सकाळी चटई घालते, वीस मिनिटं. पोस्टातल्या बाई येतात कधीकधी.  शेवटी पाठ टेकून पडतो, डोळे उघडे ठेवून, छताकडे बघत.

झोप पुन्हा गेली आहे. बाबा येतात. सूप पितात. आता ते का बघत होते, हे मला कुणी सांगणार नाही, आणि मीही कुणाला विचारणार नाही. तुला तर नाहीच. हे शेवटचं तुला लिहिलं. यापुढे पत्र लिहीन त्यात हवा-पाणी असेल, लॅब असेल, माझं काही नसेल. ते तुला समजून घ्यावं लागेल. रागानं म्हणत नाही. लिहायला बसले की आता शेजारी तिसरं कुणीतरी बसलेलं असतं.

येण्याचं विचारलंस. 'ये' असं लिहवत नाही. वरच्या ओळीत 'येऊ नकोस' लिहिलं होतं, ते मी खोडलं आहे. तुला दिसेलच.

ठमी